ओट्याचं माप

फरशी तुटली तेव्हा तिचं एक टोक आबांच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या. फार मोठा आवाज झाला नाही. जाड खाकरा मोडावा तसं काहीतरी वाजलं आणि मधला भाग विटांच्या ढिगावर आदळला.

"धर, धर!" आबा ओरडले. धरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोनच मिनिटांपूर्वी ते मला म्हणाले होते, "यस्टीनं इंजिन उतारेल शे मी. हाई फरशी मन्हासमोर काय चीज शे!" आता ते डॉक्टरांनी दिलेल्या कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवून त्या दोन तुकड्यांकडे बघत होते. एक मोठा, चारेक फुटांचा. दुसरा त्याच्या निम्म्याहून लहान.

खिडकीत आबांच्या दोस्ताचं, गनीचाचांचं डोकं दिसलं. उभ्या आयुष्यात त्यांनी धुळ्यातल्या आमच्या अर्ध्या देवपुरात फरश्या बसवल्या होत्या. आता हात थरथरतात म्हणून काम बंद, पण बोलणं चालू.

"बीच में टेकू दिया था क्या? नही दिया. मेकॅनिक लोग फरशी उचलेंगे तो यही होगा."

"तू खिडकीम्हाईन शिकाडू नको रे, गनी."

"मैं कहां शिकाडतो? मैं तो देखतोय."

ओट्यावरची ही फरशी गनीचाचांनीच बसवली होती, तेहतीस वर्षांपूर्वी, आईसाठी. आईला आम्ही माय म्हणायचो, वडिलांना आबा. काळा कडप्पा, शेगडीच्या उजव्या हाताला जरा झिजलेला. भाकरी थापताना माय परात गरागरा फिरवायची. परातीच्या बुडानं घासून घासून त्या दगडावर एक गोल उमटला होता. ओला फडका फिरवला की तो गोल आधी दिसायचा आणि दगड वाळला की नाहीसा व्हायचा. गोल मोठ्या तुकड्यावर शाबूत राहिला होता. एवढं मी पाहिलं आणि दोन्ही तुकडे ओढत बाहेरच्या भिंतीला टेकवून आले.

माय श्रावणात गेली. चार फूट सात इंच उंची. मुलींच्या एका वसतिगृहात तिनं एकतीस वर्षं स्वयंपाक केला. तिथला ओटा कुणा उंच माणसाच्या मापानं बांधलेला होता, म्हणून ती लाकडी पाटावर उभी राहून ऐंशी मुलींचं वरण घोटायची. उतरायचं, डबा घ्यायचा, पुन्हा चढायचं. निवृत्त झाली त्या दिवशी पाट तिथंच सोडून आली. पुढची बाई धिप्पाड होती. ती त्यावर बसून भाजी निवडते, असं कळल्यावर माय खूप हसली होती.

घरचा ओटा मात्र तिनं स्वतःच्या मापाचा करून घेतला. गनीचाचा विटा रचत असताना शेजारी उभी राहिली, पोटापाशी हात आडवा धरला आणि म्हणाली, "आठलोंग." इथपर्यंत. सत्तावीस इंच. त्या ओट्यावर दुसऱ्या कुणीही कांदा चिरला की त्याची कंबर धरायची. मी आणि माझा भाऊ प्रेमराज त्याला बाहुलीचा ओटा म्हणायचो. माय म्हणायची, "मंग तुम्हीन बाहुलीनी भाकर खातस का?" तिच्या मापाची एवढी एकच वस्तू होती. पातळंसुद्धा ती चार बोटं वर खोचून नेसायची.

म्हणून ओटा फोडायचं माझ्या मनात आपणहून कधीच आलं नसतं. पण दवाखान्यात, ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, तिनंच सांगितलं होतं. आबा औषध आणायला खाली गेले होते. आबांच्या जेवणाची काळजी करू नकोस, असं काहीतरी मी बोलत होते. ती डोळे मिटून होती. मग म्हणाली, "तेवढा वटा उंच करी ल्या, नूतन. तुन्हा आबासले तरास व्हस."

मी हो म्हटलं. आबा आल्यावर जिन्यात त्यांना सांगितलं, "माय म्हणते, स्वयंपाकघरातला ओटा उंच करा." आबांनी मान हलवली.

तेराव्याला प्रेमराज म्हणाला, "आबांना एकटं किती दिवस ठेवायचं? भाऊबीजेला येतो. तोवर स्वतःची भाकरी स्वतः टाकता आली तर राहू दे. नाहीतर नाशिकला नेतो, घर भाड्यानं देऊ." त्याचं काही चुकत नव्हतं. आबा जवळजवळ सहा फूट. एसटीच्या डेपोत तीस वर्षं बसखाली वाकून कंबर गेलेली, आणि डॉक्टरांनी वाकायला बंदी केलेली. त्या ओट्यावर त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता.

जळगावच्या एका शाळेत मी ग्रंथालय सांभाळते. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी पंधरा दिवसांची रजा जोडली आणि धुळ्याला आले. माझ्याजवळचे पैसे सिमेंट, वाळू, विटा आणि रंगापुरते होते. मजुरी आमची दोघांची, अक्कल गनीचाचांची. वरच्या दगडासाठी चाचांनी महामार्गावरच्या एका मार्बलवाल्याकडे नेलं. मागच्या अंगणात कापून उरलेल्या ग्रॅनाइटचे तुकडे पडले होते. एक लालसर मिळाला, एक करडा. "जोड दिखेगी," चाचा म्हणाले. "दिसू दे," मी म्हटलं.

स्वयंपाकघर रिकामं करायलाच दोन दिवस गेले. माय काही टाकत नसे. घड्या घातलेल्या पिशव्या, रबरं, उदबत्तीचे पुडे, बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळवायचं जुनं पातळ. पिठाच्या डब्यामागे खिळ्याला एक सुतळी टांगलेली होती, एका टोकाजवळ गाठ मारलेली. कामाला येईल म्हणून मी त्या सुतळीनं उलथणी आणि झारे एकत्र बांधून ठेवले.

भिंतीवरची काजळी धुण्याच्या सोड्यानं घासून काढली. दिवाळीच्या सांजोऱ्यांसाठी लोक रवा भाजत होते, त्या वासात मी कपाटाच्या दारांना पॉलिश पेपर मारत बसायचे. मी विटा हाताशी देत गेले, आबांनी खुर्चीत बसून त्या रचल्या. लेव्हल पाइपमध्ये निळं पाणी भरून ते दोन्ही टोकं जुळवायचे आणि चाचा खिडकीतून म्हणायचे, "एक सूत नीचे. और नीचे. अरे, इतना भी नही." माप घेताना मी आबांना भिंतीशी उभं केलं, कोपरात हात दुमडायला लावला आणि वीतभर खाली पेन्सिलीनं रेघ मारली. सदतीस इंच.

"इतला उंच?" आबा म्हणाले. "तुन्ही मायना तं गळाले लागता."

मी पेन्सिलीची रेघ आणखी ठळक केली.

ओटा वाळल्यावर भाकरीचे धडे सुरू झाले. दादर ज्वारीचं पीठ, कढत पाणी, मळणं. पहिल्या दिवशीची भाकरी गनीचाचांनी खिडकीतूनच उलटसुलट करून पाहिली. आबांना नावानं हाक मारणारे ते एकटेच.

"अभिमन, ये भाकर है के क्लचप्लेट?"

"खाई तं देख."

"दांत मेरे अपने हैं. बचे हुए."

चौथ्या दिवशी एक भाकरी फुगली. आबा तव्याकडे असे बघत राहिले, जणू बंद पडलेली गाडी एकाएकी सुरू झाली. कमरेवरचा पट्टा त्यांनी सैल केला होता. सरळ उभे होते. मला वाटलं, जमलं. मायचं ऐकलं ते बरं झालं.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. पूर्वी संध्याकाळी आबा आणि गनीचाचा दाराबाहेरच्या ओट्यावर बसायचे. ऊन असो, थंडी असो. रस्त्यानं जाणारा येणारा दोन शब्द बोलून जायचा. मी आल्यापासून आबा त्या ओट्यावर एकदाही टेकले नव्हते. संध्याकाळ झाली की प्लॅस्टिकच्या खुर्चीत आत बसायचे, बंद टीव्हीसमोर. चाचा समोरच्या सायकल दुकानातल्या स्टुलावर. माय गेल्याचं दुःख आहे, असं मी धरून चालले. दुःखाला काय विचारायचं, म्हणून विचारलं नाही.

त्याच दिवशी, भाकरी फुगल्यानंतर, आबा हात धुता धुता म्हणाले, "प्रेमराजले फोन कर. सांग, मी येस नाशिकले."

"आता? सगळं झाल्यावर?"

"भाकर येस आते माले. ते बरं व्हयनं. तठे बी कामले ई."

"मग इथं काय कमी आहे?"

"आठे बसी काय करानं?"

माझा आवाज चढला. तो मला आवडला नाही, पण चढला. "आबा, तिचा ओटा फोडला आपण. मायनं सांगितलं म्हणून फोडला. ओटा उंच करा, आबांना त्रास होतो, हे तिचं शेवटचं बोलणं होतं. आणि तुम्ही..."

"कौनसा वटा?"

खिडकीतून गनीचाचा विचारत होते. नेहमीची थट्टा त्यांच्या आवाजात नव्हती.

"म्हणजे?"

"भाभी कौनसा वटा बोली? अंदर का के बाहर का?"

आमच्याकडे दोन्हींना वटाच म्हणतात. बसायचा तो वटा आणि रांधायचा तोही वटा. माझा हात नव्या ग्रॅनाइटच्या जोडावर होता.

चाचा दारातून आत आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "जेठ महिने में भाभी मेरे पास आई थी," ते म्हणाले. "हाथ में सुतळी. बोली, गनीभाऊ, बाहेरचा वटा एवढा उंच करी द्या. तू दोपहर को सोया था ना, अभिमन, तब टाच से घुटने तक नाप के गाठ मारी. मैं बोला, मेरे हाथ नही चलते, बारिश के बाद भतीजे को भेजता. फिर वो दवाखाने में गई. मैं समझा, बात भी उसके साथ गई. तुमने अंदर का काम निकाला तो मैंने सोचा, ये अलग काम है."

मायचं वाक्य मी मनात पुन्हा म्हणून पाहिलं. तेवढा वटा उंच करी ल्या. 'स्वयंपाकघरातला' हा शब्द त्यात नव्हता. तो मी जिन्यात घातला होता.

आबा खुर्चीत बसले. आपल्या गुडघ्यांवर त्यांनी तळवे टेकले.

"रस्ता उंच व्हत ग्या," ते म्हणाले. "तीनदाव थर टाका. वटा ऱ्हायना दीड वीट. बठनू का उठता येस नही. दिवा लागनात का ती दारमा ये. पदरले हात पुसे. म्हने, उठा आते. आनि हात दे." ते थोडं हसले. "लोकेसले वाटे, मीच तिना हात धरी उभा शे."

"आणि आता?"

"तेरावा झाया मंग एकदाव बठनू. गनी नमाजले ग्या. माले उठताच नही उनं. दूधवाला उना, त्यानी उठाडं." मान खाली. "मंग नही बठनू."

चाचा भिंतीकडे बघत होते. "मुझे बोलना था ना, यार."

"काय बोलू? माले उठाड, आसं?"

मी स्वयंपाकघरात गेले. सदतीस इंचांचा ओटा, लालसर आणि करडा, स्वच्छ. आबा इथं उभे राहून भाकरी टाकतील, हे मायच्या स्वप्नातही आलं नसणार. लग्नाच्या चाळीस वर्षांत ते कधी या खोलीत पाच मिनिटं उभे राहिले नव्हते. भाकरीचं कुणीतरी बघेल, लेक बघेल, सून बघेल, असं ती धरून चालली असणार. दिवे लागल्यावर त्यांना उठवायला दारात कुणी नसेल, तेवढं तिनं मोजून ठेवलं होतं. आणि तिचा ओटा तिनं न सांगता मी फोडला होता.

उलथण्यांची सुतळी सोडली. गाठ पक्की होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दाराबाहेर उभे राहिले आणि मी सुतळीचं टोक त्यांच्या टाचेशी धरलं. गाठ बरोबर गुडघ्याच्या वाटीखाली आली. टेपवर एकोणीस इंच. विटा उरल्या होत्या, अर्धी गोणी सिमेंटही होतं. वर घालायला दगड नव्हता, म्हणजे मला तसं वाटत होतं. आबा भिंतीला टेकवलेल्या मोठ्या तुकड्यापाशी गेले आणि त्याच्यावरची धूळ त्यांनी हातानं पुसली.

"हाईच टाकू."

या वेळी मधे टेकू दिला. गनीचाचांनी एक बाजू उचलायला हात लावला. मी त्या हाताखाली माझा हात सरकवला. दगड जागेवर बसण्याआधी ते म्हणाले, "पलटी मार. नीचे की बाजू कोरी है, नई लगेगी."

"नही," आबा म्हणाले. "तशीच ऱ्हाऊ दे."

तीन दिवस ओलं पोतं टाकून पाणी मारलं. पाडव्याच्या संध्याकाळी पोतं काढलं. चाचांनी समोरचं स्टूल दुकानात सारलं आणि रस्ता ओलांडून आले. आबा बसले. पाय जमिनीला नीट टेकले होते, गुडघे काटकोनात. शेजारच्या बेबाबाई फराळाचं ताट घेऊन जात होत्या, त्या थांबल्या. "अहो भाऊ, दिसले बाबा एकदाचे! मी म्हटलं, गेले की काय नाशिकला."

"कसाले जासू?" आबा म्हणाले आणि ताटातली एक सांजोरी उचलली.

प्रेमराजचा फोन आला. मी बाहेर नेऊन दिला. आबांनी ऐकून घेतलं. "ये ना, ये. भाऊबीजले भाकर खावाले ये. मन्हा हातनी. आते बठेल शे मी, गनी येल शे. मंग बोलू." फोन माझ्याकडे परत दिला.

मी आत जाऊन पीठ काढलं. बाहेर दोघांचं कुठल्याशा जुन्या इंजिनावरून वाजलं होतं, मग हसू आलं, मग चाचा नमाजला निघाल्याचं कळलं. रस्त्यावरचे दिवे लागले. मी दारात येऊन उभी राहिले. हात पिठाचे होते.

आबांनी दिव्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात सवयीनं दाराच्या बाजूला वर आला. मी तिथं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तो हात माझ्या हातापर्यंत पोचतच नव्हता. चार फूट सात इंचांची बाई जिथं हात पुढे करील तिथवरच तो उचलला गेला आणि थांबला. मी हात पुढे केला नाही.

मग त्यांनी तो खाली आणला, दगडावर चाचपला, परातीच्या गोलावर पालथा टेकवला आणि उठले.