बदलीचा चंद्र

भाऊबीजेच्या संध्याकाळी विटा गाव मागे टाकून मी आटपाडीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा चंद्र माझ्या मागे येतोय म्हणून पोलिसांनी माझी गाडी अडवली.

खोटं कशाला बोलू, येत होता. विट्यापासून मला तो आरशात दिसत होता. बीजेची बारीक कोर, पश्चिमेच्या डोंगरावर, बेताचं अंतर राखून. मी वेग वाढवला की तोही वाढवायचा. गतिरोधक आला की तोही दबकत यायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लहानपणी एसटीच्या खिडकीतून बघायचो तेव्हाही तो असाच यायचा.

फाट्यावर दोन पिवळी लोखंडी बॅरिकेड लावली होती. एका ढेरपोट्या हवालदाराने हात आडवा केला. छातीवर खिलारे असं नाव होतं.

"गाडी घ्या बाजूला."

"बेल्ट लावलाय. कागदपत्रं आहेत. काय झालं?"

"कागदाचं कोण इचारतंय? त्यो मागचा कोन?"

मी मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे अक्कासाठी घेतलेली साडी होती आणि आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, काळी टोपी.

"आत न्हवं," खिलारे म्हणाला. "वर."

"तो चंद्र आहे."

"त्ये दिसतंय. तुमच्या मागं कशापायी यायला लागलाय?"

"तो सगळ्यांच्याच मागे जातो हो."

"बरं. जरा मागं घ्या गाडी."

मी गाडी मागे घेतली. चंद्र मागे सरला. पुढे आणली, तो पुढे आला. तेवढ्यात उसाची एक ट्रॉली ढकढक करत फाट्यावरून गेली. चंद्र जागचा हलला नाही.

"बघा," खिलारे म्हणाला. "त्याच्या मागं गेला का?"

मी चावी काढून खाली उतरलो. खिलारेने चौकीच्या भिंतीला टेकवलेला लांब बांबू उचलला, त्याच्या टोकाच्या आकडीत चंद्र अडकवला आणि झाडावरची चिंच उतरवावी तसा अलगद खाली घेतला. मग दोन्ही हातांनी धरून त्याला चौकीमागच्या आवारात नेलं. तिथे जप्त केलेल्या मोटारसायकली गंजत पडल्या होत्या आणि त्यांच्या चाकांतून गवत वर आलं होतं. त्यांच्यामध्ये त्याने चंद्र उभा करून ठेवला. वर आभाळ साफ होतं आणि त्यात काहीच नव्हतं.

चौकीच्या दारात खुर्ची टाकून फौजदार मॅडम बसल्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण आवाज जाड.

"नाव?"

"विलास गुरव. सांगलीचा. साखर कारखान्यात होतो, यंदा निवृत्त झालो. बहिणीकडे चाललोय आटपाडीला. मॅडम, काय असेल ती पावती फाडा, पण मला सोडा. ती वाट बघतेय."

"याची पावती नसते. तुमचा त्याच्याशी संबंध काय?"

आता हे कसं सांगायचं? पण आपल्याकडे कुणाला ते ठाऊक नसतं? भाऊ आला नाही की बहीण चंद्राला ओवाळते. दिवाळी आली की आमच्या कारखान्याचा बॉयलर पेटायचा, गाळप सुरू व्हायचं आणि माझी रजा नामंजूर व्हायची. पुढे पुढे तर मी रजेचा अर्जही करत नव्हतो. अक्का गच्चीवर जायची, चंद्राला ओवाळायची आणि मग फोन करून सांगायची, "ओवाळलं रे तुला." मी हूं म्हणायचो. कधी कधी मशीनच्या आवाजात तेही तिला ऐकू जायचं नाही.

"मी गेलो नाही की तो माझ्या जागी असतो," मी म्हणालो.

"म्हणजे बदलीवर."

"तसंच समजा."

"मग तो त्याच्या ड्युटीवर निघालाय. आणि तुम्ही?"

"मीपण तिथेच निघालोय. यंदा स्वतः."

मॅडमनी खिलारेकडे पाहिलं. खिलारेने मान हलवली, म्हणजे बघा मी म्हणालो नव्हतो का.

"एका ओवाळणीला दोघं सोडता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "एकाला इथे थांबावं लागेल."

"किती वेळ?"

"दुसरा परत येईपर्यंत."

"चंद्र परत कधी येतो?"

"उद्या. संध्याकाळचा."

उद्या भाऊबीज नव्हती. मी तसं म्हणालो. मॅडम म्हणाल्या, त्यांना माहीत आहे.

मग सरळच होतं. मी जाणार, चंद्र थांबणार. मी तसं सांगितलंही. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, आधी त्याला सांगून या. न सांगता कुणाला बदलीवरून काढत नाहीत. हे मला पटलं. कारखान्यातही तीच पद्धत होती.

मी आवारात गेलो. जाताना लक्षात आलं की रस्त्यावरची बॅरिकेड माझ्या गाडीच्या जवळ आली होती. कुणी ढकलताना मी पाहिलं नव्हतं.

चंद्र कमरेएवढा उंच होता आणि हाताला रांजणातल्या पाण्याइतका गार लागला. त्याच्या आतल्या बाजूला, बाक असतो तिथे, कुंकू होतं. एकावर एक लावलेलं. जुनं काळपट पडलं होतं, त्यावर जरा तांबूस, त्यावर आणखी. कुंकवात तांदळाचे दाणे रुतले होते. मी नखाने एक दाणा काढायला गेलो, निघाला नाही. ते सगळं कुंकू माझ्या कपाळाचं होतं. मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट मला निरोपसमारंभाच्या दिवशीही वाटलं नव्हतं, आणि त्या दिवशी तर मी चक्क रडलो होतो.

"यंदा मी जातोय," मी त्याला म्हणालो. त्याचं खालचं टोक मातीत गेलं होतं. मी येताना ते मातीवर टेकलेलं होतं.

"खिलारे, हा आत चाललाय."

"मग? त्येची मावळायची येळ झालीया," खिलारे लांबूनच म्हणाला. "वर असू दे न्हाई तर हितं. बीजेचा काय लई येळ थांबत न्हाई."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अक्का होती.

माझी अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला न्हाऊमाखू घातलं. दोन वर्षांपासून तिला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. पंधरा दिवसांपूर्वी तिने फोनवर सांगितलं होतं, "यंदा ये बाबा. चंद्राला ओवाळून ओवाळून माझी मान दुखाय लागलीया. आन् आबांची टोपी आन. रुमाल बांधून बसलास तर ओवाळनार न्हाई मी." मी हसलो होतो. मग ती म्हणाली होती, "पुढच्या साली मला दिसशील न दिसशील." त्यावर मी हसलो नव्हतो.

"कुठं पोचलास?" अक्काने विचारलं.

"फाट्यावर. पोलिसांनी अडवलंय."

"कशाला?"

"सोडतील आता. तू खाली बस, गच्चीवर चढू नकोस."

"गच्चीवरच हाय मी." तिचा आवाज कसासाच झाला होता. "विलास, चंद्र दिसंना रे मला."

मी मोटारसायकलींमधल्या चंद्राकडे पाहिलं.

"ढग न्हाई, काय न्हाई. शेजारची पोरं म्हणत हुती, मघाशी कोर दिसली म्हणून. मी वर आले तर आभाळ मोकळं. लई बघितलं. डोळं पुसून बघितलं. गेलं बघ माझं डोळं."

"अक्का, डोळे गेले नाहीत. चंद्र पोलिसांनी धरलाय. इथे आवारात आहे, माझ्यासमोर."



"थट्टा करू नगं रे," ती म्हणाली. "आज तरी नगं."

"थट्टा नाही, देवाशपथ."

"तू आलास तरी मला आता दिसनार न्हाईस. मग कशाला घाई करतूस? सावकाश ये. अंधाराची गाडी दामटू नगंस." आणि तिने फोन ठेवला.

मी मॅडमकडे धावलो. धावलो म्हणजे चार पावलंच टाकली, कारण बॅरिकेड आता आवाराच्या तोंडाशी आली होती. माझी गाडी त्यांच्या पलीकडे राहिली होती.

"मॅडम, मी तासाभरात तिथे पोचतो. तोवर तिला फोन करून सांगा की चंद्र तुमच्याकडे आहे. तुमचं ऐकेल ती."

"आम्ही असं फोनवर सांगत नाही."

"तुम्हाला भाऊ आहे का?"

"आहे. बंदोबस्तावर आहे."

"मग तुम्ही आज कुणाला ओवाळता?"

मॅडमनी आवारात पाहिलं, मोटारसायकलींकडे. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा घातली.

"लवकर ठरवा," त्या म्हणाल्या. "तो मावळला की आमच्या हातात काही नाही."

चंद्र निम्मा मातीत गेला होता. तासाभराने मी आटपाडीला पोचलो असतो. तासभर माझी अक्का गच्चीवर बसली असती, आंधळी झाल्यासारखी, तबकातल्या निरांजनाला हात लावून बघत की ते तरी आहे ना. आणि मी दारात उभा राहून म्हणालो असतो, अक्का, मी आलोय, तरी तिने तोंड भलतीकडेच केलं असतं. भीती माणसाला तेवढं करते. मी तिला ओळखतो. आईच्या वेळीही तिने असंच डोळे उघडे ठेवून काहीच बघितलं नव्हतं.

मला जायचं होतं. मी आयुष्यात एवढ्या मनापासून कुठेच निघालो नव्हतो.

"त्याला सोडा," मी म्हणालो.

"खिलारे, सोड त्याला. त्याचं काही सामान असेल तर दे."

"त्येचं काय सामान असतंय?" खिलारे म्हणाला.

"टोपी," मी म्हणालो. "गाडीत मागच्या सीटवर आहे. डोकं झाकल्याशिवाय ती ओवाळत नाही."

खिलारेने टोपी आणून दिली. आम्ही दोघांनी मिळून चंद्राला मातीतून उपटलं. मी बाहीने त्याची माती पुसली, पण कुंकवाला हात लावला नाही. मग त्याच्या वरच्या टोकावर आबांची काळी टोपी ठेवली. जरा तिरकी बसली. खिलारेने बांबूच्या आकडीवर घेऊन त्याला वर ढकललं. तो डगमगत वर गेला आणि डोंगराच्या जरा वर थांबला. त्याला उशीर झाला होता, हे त्याच्या चालण्यातही दिसत होतं.

जिथे तो रुतला होता तिथे मातीत खाच पडली होती. बॅरिकेड माझ्या पोटऱ्यांना लागली, म्हणून मी त्या खाचेत सरकून उभा राहिलो. दुसरीकडे जागा नव्हती. माती गार होती.

फोन वाजला.

"दिसला!" अक्का ओरडलीच. "दिसला रे विलास! डोळं हायेत माझं! चांगला डोंगराच्या वर हाय बघ. मघाशी काय झालतं कुणास ठाऊक."

"बरं झालं अक्का."

"तू ये रे. थांब, फोन बाजूला ठेवते. त्यो मावळायच्या आत उरकून घेते."

तिने फोन बंद केला नाही. गच्चीच्या कठड्यावर ठेवला असावा. काडी पेटल्याचा आवाज आला. तबकात अंगठीचा किणकिणाट झाला, सुपारी एकदा गडगडली. मला तिचा श्वासही ऐकू येत होता. बॅरिकेड आता माझ्या दोन्ही कोपरांना टेकली होती आणि पाय घोट्यापर्यंत मातीत होते. खिलारे पाठ फिरवून बिडी ओढत होता. मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या आणि पश्चिमेकडे बघत होत्या.

डोंगरावर चंद्राने मान जरा पुढे केली, कुंकू लावून घेताना करतात तशी.

माझ्या कपाळाला काही लागलं नाही.

"किती गार पडलाईस रे," फोनमधून अक्का म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती. मग ती हसली. किती तरी वर्षांत मी तिचं तसं हसणं ऐकलं नव्हतं. "आबांची टोपी आनलीस व्हय? न इसरता आनलीस. पर वाकडी घातलीस की. विलास, सरळ कर ती."

मी कसाबसा हात मोकळा करून डोक्याकडे नेला. डोक्यावर काही नव्हतं.

तिकडे डोंगरावर टोपी सरळ झाली.