‘प्रेस’ म्हणेपर्यंत

तिने दांडी छातीवर टेकवली आणि त्याच दमात वर ढकलली. साडेसत्तेचाळीस किलो, हात सरळ. समोर पंचांचे तिन्ही दिवे लाल लागले.

दुसऱ्यांदा.

वजनाची अडचण नव्हती. बेंच प्रेसला आडवं पडून दांडी छातीवर घ्यायची, ती स्थिर झाली की मुख्य पंच ‘प्रेस’ म्हणणार, आणि मगच उचलायची. दोन्ही वेळा तिने त्यांच्या आधीच उचलली होती. आता एकच संधी उरली. स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट, तिन्ही प्रकारांत उचललेल्या वजनांची बेरीज धरतात. एकात शून्य म्हणजे सकाळचे स्क्वॉट आणि आठ महिन्यांचा सराव, सगळंच मुसळ केरात.

कोचताई तिच्या तळव्यांवर खडूची पूड चोळत होत्या. रागावल्या नव्हत्या.

“घरी तुला कुणी काही सांगायची वेळच येत नाही ना?”

तिने प्रेक्षकांकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेत सासूबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. आमच्या सुनेला सांगावं लागत नाही, असं त्या आल्यागेल्याला कौतुकाने सांगत. त्यांनी कपाळाला हात लावला की चहा, चष्मा चाचपला की वर्तमानपत्र. एकोणीस वर्षं.

“पंचांचं काम पंचांना करू दे,” कोचताई म्हणाल्या. “तू नुसती थांब.”

दांडी खाली आली. टेकली. कोपरं सवयीने निघालीच होती. तिने ती धरून ठेवली. एक सेकंदही झाला नसेल. बरगड्यांवर सगळा भार, श्वास कोंडलेला. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं.

“प्रेस.”

तीन पांढरे दिवे.

डेडलिफ्टला अजून तासभर होता. ती सासूबाईंशेजारी जाऊन बसली. त्यांनी तिचा दंड दाबून पाहिला, तो गृहस्थ ‘प्रेस’ म्हणायला किती वेळ लावतो म्हणून कुरकुर केली आणि मग घसा खाकरला. पाण्याची बाटली तिच्या पायाशी होती. तिची बोटं हलली. तिने हात मांडीवर ठेवले.

सासूबाई पुन्हा खाकरल्या. तिच्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

“पाणी दे गं जरा.”

तिने झाकण काढून बाटली दिली. दोन घोट घेऊन सासूबाईंनी ती हातातच धरली.

“आणि तुला काय हवंय?”

तिने बाटलीचं झाकण बोटांत फिरवलं. सासूबाई थांबून राहिल्या.