बुडबुड्यांची धार

त्याने जाळी माशांच्या टाकीत बुडवली आणि एकाच फेरीत ती मेलेल्या माशांनी भरून वर आली. खांद्यावरची ऑफिसची बॅगही त्याने अजून उतरवली नव्हती. सकाळी पाणवनस्पतींच्या हिरव्यागार गर्दीतून थव्याने पळणारे ते इवलेसे मासे आता पोटं वर करून तरंगत होते. जे जगले होते ते पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून हवेसाठी तडफडत होते. तळ कधी न सोडणारा, घरात सगळे ज्याला ‘मुकादम’ म्हणत तो जाडा मासाही वर येऊन धापा टाकत होता.

“बादली आण,” तो बायकोला म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

ती शिवणयंत्रावरून उठली आणि गळ्यातल्या टेपसकट धावली. ही टाकी आली तेव्हा खिडकीजवळची जागा टाकीला मिळाली आणि बायकोचं मशीन मागच्या खोलीत गेलं. जवळजवळ दुपारभर तिथे बसून ती लोकांचे कपडे बेतत होती. भिंतीपलीकडे हे चाललं होतं, आणि तिला गंधवार्ता नव्हती.

त्याने टाकीखालचं कपाट उघडलं. टाकीतल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड पुरवणारा सिलिंडर आत उभा होता. त्यातला गॅस काचेच्या छोट्या नळीतून सावकाश, एकेक बुडबुडा मोजता यावा असा जायचा. आता त्या नळीत बुडबुडे नव्हतेच. सलग धार होती, मासे गुदमरवणारी.

त्याने सिलिंडर बंद केला आणि मान वर केली.

“कोणी हात लावला याला?”

आदल्या रात्रीच जेवताना मशीनच्या जागेवरून वाद झाला होता. ‘माझ्या माशांना तू पाण्यातच पाहतेस,’ असं तो हसत म्हणाला होता. आणि ती न हसता म्हणाली होती, ‘एक दिवस या टाकीचा निकालच लावते मी.’

“मी लावला.”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. “धूळ पुसत होते. पुसताना फिरली असेल गॅसची चावी.”

“पुसताना? आई, कितीदा सांगितलं होतं! कळत नाही तर कडमडतेस कशाला तिथे?”

त्या घरात सासूबाईंशी असं कोणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि त्या आत वळल्या. ती बादली धरून तशीच उभी राहिली. तिला धक्का बसला होता. पण संशय आपल्यावर आला नाही म्हणून त्याच क्षणी तिला सुटल्यासारखंही झालं होतं.

मग दोघांनी न बोलता टाकीतलं अर्धं पाणी बदललं, हवेचा पंप लावला. उरलेले मासे हळूहळू खाली उतरले. तेव्हा तो कपाटासमोर मांडी घालून बसला. तिने टॉर्च धरला. नळीचं टोक त्याने टाकीतून काढून पाण्याच्या पेल्यात सोडलं, सिलिंडर पुन्हा उघडला आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. कुठेही फेस आला नाही. ठरल्या वेळी गॅस चालू-बंद करणारं विजेचं बटण टक्कन बंद झालं, टक्कन चालू झालं. त्यात खोट नव्हती. शेवटी त्याने बारीक चावी पूर्ण आवळली आणि केसभर सैल केली.

एक बुडबुडा वर गेला. जरा थांबून दुसरा.

“बघ. म्हणजे चावीच फिरली होती,” तो कडवटपणे म्हणाला.

ती बघतच होती. बुडबुडे घाई करू लागले होते. एकामागे एक, मग एकाला चिकटून एक. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. बघता बघता पेल्यात पुन्हा धार लागली.

“तू काही केलंस?”

“मी टॉर्च धरलाय.”

त्याने प्रकाश वर घ्यायला लावला. सिलिंडरमधला दाब दाखवणारा काटा शून्याला टेकायला आला होता. त्याने दुकानदाराला फोन लावला.

“संपत आलाय सिलिंडर,” दुकानदार म्हणाला. “आतला दाब ढासळला की साध्या रेग्युलेटरला गॅस आवरत नाही. भसाभस सोडतो.”

“संपताना जास्त?”

“हो ना. सगळे इथेच फसतात. कोणी हात लावायलाच लागत नाही त्याला.”

फोन ठेवून त्याने सिलिंडर बंद केला.

“मग आई असं का म्हणाली?”

ती उठून स्वयंपाकघरात गेली. सासूबाई खाली मान घालून शेंगा सोलत होत्या.

“आई, तुम्ही हात लावलाच नव्हता.”

“नव्हता.”

“मग?”

सासूबाईंनी हातातली शेंग पूर्ण सोलली. “काल तू बोललीस. आज दुपारी टाकीखालच्या कपाटाचं दार वाजलं.”

“मी कापड काढायला गेले होते! शेजारच्या कपाटातून!” तिचा आवाज चिरकला. “तुम्हाला वाटलं, मी मासे मारीन?”

“रागात माणसाच्या हातून काय होईल, सांगता येत नाही.” त्यांनी दुसरी शेंग घेतली. “माझ्यावर ओरडला, उद्या विसरेल. मीही विसरेन. तुझ्यावर ओरडला असता तर तू जन्मभर विसरली नसतीस.”

रागवावं की पाया पडावं, तिला कळेना.

“आणि तुला?” सासूबाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. “मी केलं म्हटल्यावर तुला खरं वाटलंच ना?”

बाहेरच्या खोलीत बादली ओढल्याचा आवाज आला.

“जा,” सासूबाई म्हणाल्या, “एकट्याने पाठ मोडून घेईल तो.”

ती गेली नाही. भिंतीला टेकवलेला पाट तिने ओढला, समोर बसली आणि मूठभर शेंगा आपल्याकडे घेतल्या.