फुकटचा आराम

मेंढ्यांसाठी पाण्याचा कॅन उचलताना कस्तुराबाईच्या पाठीत कट्कन वाजलं आणि ती मेंढ्यांना पाणी पाजायच्या डोणीशेजारीच मटकन बसली. टँकर चार दिवसांनी आला होता, त्यामुळं आधी हळहळ वाटली ती सांडलेल्या पाण्याची. आठवडाभर तिनं कळ सोसली. मग तिचा नवरा ज्ञानबा तिला सांगोल्याहून सोलापूरला घेऊन गेला.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला. "आजी, हाडं ठिसूळ झालीत. मणका चेपलाय."

"मग आता काय वं?" ज्ञानबानं विचारलं.

"सुईनं मणक्यात सिमेंट भरता येतं. बहुतेक दुसऱ्याच दिवशी चालू लागतील. खर्च सव्वा लाख. नाहीतर पाठीला पट्टा आणि गोळ्या. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. पण सहा आठवडे वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. थोडं फिरायचं, बाकी आराम."

ज्ञानबानं बोटं मोजली. सव्वा लाख म्हणजे बारा मेंढ्या. पट्टा दोन हजार. "पट्टाच द्या की सायेब. आराम तर फुकटच हाय."

हिशोब एवढ्या लवकर झाला याचं कस्तुराबाईला वाईट वाटलं. एक मेंढी विकायची तर हा माणूस चार दिवस घोळ घालायचा. एसटीत ती पट्टा मांडीवर धरून बसली.

घरी आल्यावर फुकटच्या आरामाचं बिल यायला लागलं. पाणी भरायला, लेंड्या लोटायला रोजानं बाई लावावी लागली. ती उन्हं वर आल्यावर यायची आणि चारला निघायची. आई पाजत नव्हती अशी दोन कोकरं होती, त्यांना कस्तुराबाई बाटलीनं पाजायची. ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही आणि दोन्ही गेली. ज्ञानबाच्या हातची भाकरी एका बाजूनं करपायची, दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची. कस्तुराबाई खाटेवर पडून ते सगळं ऐकत होती. पाठ ठणकत होतीच. डोक्यावरचे पत्रे मोजून मोजून तिला कंटाळा आला होता.

पंधराव्या दिवशी, बाई निघून गेल्यावर, ज्ञानबा खाटेशी येऊन बसला.

"कस्तुरे, मी म्हनतो, सिमेंटच भरून घिऊ. मेंढ्या इकतो. तू चालाय लागलीस म्हंजे झालं."

"चालाय का कामाला?"

ज्ञानबानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "लई महागात पडाय लागलंय गं."

"बाईला रोज साडेतीनशे. सा आठवड्याचं पंधरा हजार. कोकरं धरली तरी पंचवीसबी हुत न्हाईत. तुमचं सिमेंट सव्वा लाखाचं. पट्टाच सवस्त हाय की."

एवढा हिशोब तिला येतो हे ज्ञानबाला ठाऊक नव्हतं.

"आन म्या चाळीस वर्सं केलं," ती दमून म्हणाली, "त्येचं ह्याच रोजानं किती झालं वं?"

ज्ञानबानं बोटं पुढं केली, पण मोजायला सुरुवात काही होईना. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या, डोण कोरडी पडली होती. तो उठला आणि कॅनपाशी जाऊन वाकला.

"वाकून उचलू नगा," ती खाटेवरून म्हणाली. "गुडघ्यात बसून उचला. पाठ जाती."