हाताला लागेल अशी काठी

मी काठी बोलतेय. दोन तुकड्यांत पडलेय, पण तोंड एकच आहे, तेव्हा नीट ऐका. आणि आधीच सांगते पावणं, मी गोड बोलणाऱ्यांतली नाही. माझा जन्मच मारझोडीतला.

राधानगरीच्या रानात, वेळूच्या बेटात मी वाढले. कोयत्याच्या दोन घावांत आडवी झाले. मग मला आगीवर धरलं, गुडघ्याखाली दाबून सरळ केलं, अंगाला तेल चोपडलं आणि खालच्या टोकाला लोखंडी शेंबी ठोकली. दुखतंय का म्हणून कुणी विचारलं नाही.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात तानाबाईनं मला उचललं. तेव्हा ती चाळिशीची असेल. दर विचारायच्या आधी तिनं मला दुकानाच्या फळीवर दाणकन आपटलं. फळी चिरली, मला काही झालं नाही. दुकानदार ओरडायला लागला तर म्हणाली, "बोंबलू नगंस. हीच दे." बाई मला तिथंच आवडली.

तानाबाई शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वाळूचे साचे करायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पाळी सुटली की मला काखेत मारून घरी चालत यायची. कुत्री, साप, दारुडे, सगळ्यांच्या पाठी मी बघितल्यात. एकदा एका मुकादमानं साच्यांच्या ढिगाआड तिचा पदर ओढला. तिनं मला असं फिरवलं की त्याच्या कोपराचं हाड कटकन वाजलं. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. पुढं कितीतरी दिवस तो माणूस मला बघून वाट बदलायचा.

त्याच फौंड्रीच्या पगारातून तिनं दोन खोल्यांचं घर बांधलं. पुढं साठी उलटली, गुडघे गेले आणि मारायचं काम सुटून माझ्या वाट्याला तिला तोलायचं काम आलं. सुरुवातीला मला लाज वाटायची. पण तिचा सगळा भार माझ्यावर येई तेव्हा मी शेंबी जमिनीत घट्ट रोवून उभी राहायचे. तिला मी कधी पडू दिलं नाही.

शेजारची संघप्रिया वकील झालेली. तानाबाईच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. ती एक दिवस म्हणाली, "मावशी, हात-पाय चालतायत तवर पुढचं ठरवून टाक. कोण बघणार, कुठं राहणार, सगळं. पण जित्यापणी घर कुणाच्या नावावर करू नगंस. मृत्युपत्र कर."

तानाबाईनं ऐकलं असतं. पण तिच्या भावाचा मुलगा अमरसिंह येऊन तिच्या पायाशी बसला. "आत्ती, तुला पोर न्हाय म्हणून कोण म्हणतंय? मी हाय की! घर माझ्या नावावर कर, वर मजला चढवतो, तुला राणीगत ठेवतो." ती विरघळली. म्हातारपणी कुणीतरी "मी हाय की" म्हणावं, एवढीच भूक असते हो माणसाला.

संघप्रियानं कपाळावर हात मारला. "बक्षीसपत्रच करायचं असंल तर सांभाळायच्या अटी घालून कर. अट लिवलेली असली आन् ती मोडली, तर प्रांताकडं जाऊन घर परत मागता येतंय."

अमरसिंह ताडकन उठला. "रक्ताच्या माणसाला अटी? मी काय भाडेकरू हाय?"

तानाबाई ओशाळली. आपल्या माणसाकडून लिहून घ्यायचं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचं, असं मानतात ही माणसं. पण फौंड्रीत तीस वर्षं काढलेली बाई ती. मान खाली घालून म्हणाली, "लिव पोरी. जेवण. औषध. दवाखाना. आन् लिव, माझी काठी माझ्या हाताला लागंल अशी ठेवायची."

सगळे हसले. अमरसिंह तर पोट धरून हसला. "आत्ती, काठीचं पण लिव, काठीच्या शेंबीचं पण लिव! मी वाचणार बी न्हाय." आणि खरंच, नोंदणी कार्यालयात त्यानं मोठेपणा दाखवत पान न उलटता सही ठोकली. माझं नाव सरकारी कागदात आलं म्हणून मी मूर्ख तेवढी फुगले.

अमरसिंह आमच्या घरात राहायला आला. दोन महिने बरे गेले. मग दूध बंद झालं, मग गोळ्या. तानाबाईची खाट पुढच्या खोलीतून उचलून न्हाणीजवळ टाकली. भाकरी एक वेळ यायची, तीही ताटलीतून सरकवलेली. ती मला जमिनीवर ठोकून हाका मारायची, "आरं, भूक लागलीया!" चौथ्या दिवशी अमरसिंहानं मला तिच्या मुठीतून हिसकावलं आणि माळ्यावर भिरकावलं. महिनाभर मी धुळीत पडून ऐकत होते. ती हातांवर रांगायची. फरशीवर तिचे गुडघे घासल्याचा आवाज वर यायचा. मी तडफडत होते, पण काठीला कुठले पाय.

एका दुपारी घर बघायला गिऱ्हाईक आलं. तानाबाई रांगत रांगत उंबऱ्यापर्यंत आली आणि ओरडली, "घर माझं हाय! मी जित्ती हाय!" गिऱ्हाईक निघून गेलं. अमरसिंहानं माळ्यावर हात घातला.

त्याच्या हाताला दारूचा नव्हे, अत्तराचा वास होता, हे मला पक्कं आठवतंय. पहिला घाव तिच्या पाठीत बसला. दुसरा खांद्यावर. तिनं उजवा हात आडवा धरला, ज्या हातानं मला इतकी वर्षं वागवलं तोच हात, आणि मी मनगटावर उतरले. कटकन वाजलं. मुकादमाच्या कोपराचा आवाज आणि हा आवाज अगदी एक. मला थांबता आलं नाही. चौथ्या घावाला ती भिंतीकडं कलंडली, मी चौकटीवर आदळले आणि मोडले. लोक म्हणतात जुनी झाली होती म्हणून मोडली. काही नाही. मला मोडायचंच होतं.

तो दार ओढून बाहेर आला, आणि दाराच्या दोन्ही कड्यांत माझा लांब तुकडा अडसरासारखा खुपसून निघून गेला. मी, तिचा आधार, तिलाच कोंडून उभी! दोन दिवस आतून "पाणी, पाणी" ऐकत होते. मेल्याच्या हाताला किडे पडोत, एवढंच मला येत होतं.

एका केसपायी कितीतरी दिवस बाहेरगावी असलेली संघप्रिया तिसऱ्या दिवशी परतली आणि दारात थबकली. "मावशीची काठी कडीत कशी?" तिनं मला उपसून काढलं, दार लोटलं आणि अशी किंकाळी फोडली की सगळी गल्ली गोळा झाली.

दवाखाना झाला, पोलीस झाले. मग प्रांतसाहेबांपुढं अर्ज; तिथलं सगळं मला मागाहून संघप्रियाच्या तोंडून कळलं. अमरसिंह तिथं पांढराशुभ्र शर्ट घालून आला. "साहेब, म्हातारीचं डोकं फिरलंय. पडली आन् हात मोडला. जेवण, औषध सगळं वेळच्या वेळी देत हुतो की. इचारा कुणालाबी."

साहेब कागद चाळत म्हणाले, "आणि काठी?"

"ती मीच काढून घेतली, साहेब. मारत सुटती ती! म्हैनाभर माळ्यावर टाकलीती."

साहेबांनी पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं. "अट चार. लिहून देणार हिची काठी कायम तिच्या हाताला लागेल अशी ठेवली जाईल." मग मान वर केली. "ही सही तुमचीच ना?"

अमरसिंहानं मान वाकवून कागद बघितला. "ते... ते चेष्टेत लिवलंतं, साहेब."

"सहीपण चेष्टेत केली?"

बक्षीसपत्र रद्द झालं, घर परत तानाबाईचं झालं. मारहाणीची केस अजून चालू आहे. पोलिसांनी माझ्या दोन्ही तुकड्यांना चिठ्ठ्या बांधल्या होत्या, संघप्रियानं कोर्टात अर्ज करून मला घरी आणलं. पुढच्या खोलीत आता एक नर्सबाई राहते. भाड्याच्या बदल्यात ती तानाबाईचं सगळं बघते, आणि तेही लिहून घेतलंय. या वेळी कुणी ओशाळलं नाही.

मला बघून तानाबाईनं उजवा हात पुढं केला. बोटं मिटलीच नाहीत. मनगट वाकडंच जुळलंय. आता तिच्याकडं चार पायांची पत्र्याची काठी आहे, ती डाव्या हातात धरते. "तुझा काय दोष गं," म्हणाली मला. म्हणू दे. तो हात मी मोडला, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पावणं, तुमच्याही घरात कुणीतरी "मी हाय की" म्हणेल. म्हणू द्या, पोटभर ऐका, आणि हात धड आहे तोवर लिहून घ्या.

परवा संघप्रियानं मृत्युपत्राचा कागद काढला. "आणखी काय लिवू, मावशी?"

"मी गेलो की काठी माझ्यासंगं जाळायची. दोन्ही तुकडं."

आगीचं मला काही वाटत नाही, आगीवरच सरळ झाले होते मी. तोवर तिच्या उशाशी पडून आहे. तिच्या हाताला लागेल अशी.