दुपारची हाक

अकोल्याच्या जुन्या शहरात गेल्या मे महिन्यात सत्यभामाबाई नावाची एक म्हातारी उन्हानं गेली. घरात एकटीच होती. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं लोटलेलं दार ढकललं तेव्हा कळलं. त्याच गल्लीत राहणाऱ्या प्रतीक्षाच्या मनातून ते काही केल्या गेलं नाही. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत तिनं झाडं लावली होती, रस्तेही झाडले होते. यंदा तिनं ठरवलं, ऊन तापलं की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दारी रोज दुपारी हाक मारायची. पाणी प्यायलात का, पंखा चालू आहे का, एवढंच विचारायचं.

वर्गातल्या बऱ्याच जणी हो म्हणाल्या. पण सुट्ट्या लागल्या आणि कोणी परतवाड्याला गेली, कोणी पातूरला. उरल्या प्रतीक्षा आणि तिची मैत्रीण शालू.

गल्लीच्या टोकाला खुशालराव राहायचे. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा पुण्यात. त्यांना हा प्रकार मुळीच आवडला नाही.

"काहून आली वं?"

"तब्येत बरी आहे ना आबाजी, म्हणून विचारायले आली."

"मले काय धाड भरली? दुसऱ्याच्या दारी जाय."

त्यानंतर ते दारही उघडेनात. प्रतीक्षानं हाक मारली की आतून आवाज यायचा, "आहो जित्ता. जाय आता."

शालू वैतागली. "त्यायले नाही पाह्यजे, तर तू कायले जातं?"

"ओरडून राहिले म्हणजे बरे आहेत," प्रतीक्षा म्हणाली. "तेवढंच तर पाहाचं आहे आपल्याले."

मेच्या मध्यात पारा शेहेचाळीसच्या वर गेला. त्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. प्रतीक्षानं हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली, कडी वाजवली. काहीच नाही. शालू म्हणाली, झोपले असतील. पण प्रतीक्षा तोवर खिडकीकडे धावली होती. फटीतून तिला जमिनीवर पडलेले पाय दिसले.

समोरच्या टिनाच्या खोलीत मैनाबाई राहायची. सकाळी भाजी विकून ती नुकतीच परतली होती. तिनं आणि प्रतीक्षानं मिळून खांद्याचा जोर लावला, तशी जुनी कडी निखळली. खुशालरावांचं अंग तव्यासारखं तापलं होतं, घामाचा टिपूस नव्हता, तोंडानं काहीतरी असंबद्ध चाललं होतं. कूलर बंद पडलेला.

"पाणी पाजू का?" मैनाबाईनं विचारलं.

"नको मावशी, शुद्धीत नाहीत, ठसका लागेल. अंगावर टाका."

मैनाबाईनं भाजीवर झाकायची ओली गोणपाटं आणली. दोघींनी त्यांचं अंग त्यात गुंडाळलं, वरून पाणी शिंपडत राहिल्या. शालूनं एकशे आठला फोन लावला आणि ॲम्ब्युलन्सला रस्ता दाखवायला भर उन्हात चौकात जाऊन उभी राहिली. प्रतीक्षा दवाखान्याच्या बाकावर येऊन बसली. तोवर तिला भीती वाटायलाही वेळ मिळाला नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, वेळेत आणलंत.

आठवड्यानं खुशालराव घरी आले. मुलानं पुण्याहून येऊन कूलरला नवी मोटर बसवून दिली होती. प्रतीक्षा भेटायला गेली, तर त्यांनी तिला कूलरसमोर बसवलं.

"मोटर आधीच जळली होती," ते म्हणाले. "तू रोज इचारत होती, पण नवी घ्याले पैसे नव्हते, सांगाची लाज वाटली मले."

प्रतीक्षा म्हणाली, "आबाजी, मैनामावशीची खोली टिनाची आहे. दुपारी आत बसवत नाही तिले. तुमच्या बाहेरच्या खोलीत..."

"तिले म्हण, येत जाय," ते मध्येच म्हणाले. "अन् दुसऱ्या कोणाले याचं असन तर तेही येऊ दे."

दुसऱ्या दिवशी मैनाबाई संकोचत उंबऱ्यापाशीच बसली. दोन दिवसांनी तिनं शेजारच्या म्हातारीला आणलं. आठवडाभरात खोली भरली. कोणी मठ्ठा आणायचं, कोणी काकड्या. कूलरसमोर कोणी बसायचं यावरून रोज थोडी बाचाबाची व्हायची आणि खुशालराव फॅक्टरीतल्या आवाजात निवाडा करायचे.

जूनच्या सुरुवातीला मैत्रिणी परतल्या. ऊन अजून उतरलं नव्हतं. प्रतीक्षा खुशालरावांच्या ओसरीवर बसून कोणी कोणती गल्ली घ्यायची ते ठरवत होती. खुशालराव ऐकत होते.

"मले कोणती देतं?" त्यांनी विचारलं.



"आबाजी, तुमाले उन्हात नाही पाठवणार मी," प्रतीक्षा म्हणाली.

"दुपारी कोण जातं? सकाळी जाईन, ऊन चढाच्या आत. ज्याईचे कूलर, पंखे बंद आहेत, त्यायचे पाहून येईन. इतकी वर्षं मशिनीच दुरुस्त केल्या ना म्या."

प्रतीक्षानं थोडा विचार केला आणि मशिदीमागची सावलीची गल्ली त्यांना दिली.