देठाकडचा तुकडा

मावशीला कुसळांची भीती म्हणून कधी वाटली नव्हती. एकवीस वर्षं ती बियाण्यांच्या कोठारात रानजवावर काम करत होती. तेवढ्या काळात तिच्या मोज्यांतून, केसांतून आणि एकदा तर साहेबांच्या चहातूनही कुसळं निघाली होती. शेतातला जव तसा सरळमार्गी. पिकला तरी दाणे धरून उभा राहतो, कापणाऱ्याची वाट बघतो. रानजव हा त्याचा घरातून पळालेला चुलतभाऊ. जरा पिकला की त्याची ओंबी पेरापेरांत तुटते आणि दाणे भुईवर. प्रत्येक दाण्याला लांब कुसळ, कुसळाला बारीक दाते, आणि दाते सगळे एकाच बाजूला वळलेले. ओंबी देठाच्या दिशेनं पुढे सरकते. मागे येत नाही म्हणजे नाहीच.

म्हणून रानजवाच्या ओंब्या हिरव्या असतानाच काढायच्या, कागदी पिशवीत घालायच्या आणि पिशवीवर आकडा लिहायचा, अशी कोठाराची पद्धत होती. शेतातल्या जवाची एक ओंबी कमी भरली तर साहेब सगळ्यांना धारेवर धरत. रानजवाची कमी भरली तर कोणी मान वर करून बघत नसे. वहीत ‘झडली’ असं लिहायचं आणि पुढची पिशवी उघडायची. तीन आठवड्यांपूर्वी एका पिशवीत चाळीसऐवजी एकोणचाळीस भरल्या, तेव्हा मावशीनं तेच केलं होतं.

ती पिशवी तिनं त्याआधीच्या शनिवारी घरी आणली होती. काम तुंबलं होतं, आणि शनिवारी टिकली तिच्याकडे असायची. टिकली म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, वय वर्षं सहा, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. बहिणीचं कपडे शिवायचं दुकान होतं. शनिवारी गिऱ्हाइकांची रीघ लागायची, म्हणून ती डोळे मिटून पोरीला ताईकडे सोडायची. त्या दिवशी ओंब्या निवडता निवडता मावशीनं टिकलीला एक गंमत दाखवली. ओंबीचा देठ वर करून ती बाहीत ठेवायची आणि हात हलवत राहायचं. ओंबी आपली आपण चढत चढत खांद्यापर्यंत जाते. टिकली हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग मावशीनं तिच्या फ्रॉकमधली कुसळं वेचली आणि सांगितलं, आईला यातलं काही बोलू नकोस हं. शिवायच्या कापडात कुसळ गेलं की बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पुढच्या आठवड्यात टिकलीला खोकला लागला, मग ताप आला. डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरला. औषध संपलं, ताप पुन्हा हजर. छातीचा फोटो काढला, त्यात उजव्या बाजूला खाली पांढुरकं दिसलं. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले, आणि दुसरं औषध दिलं. पोर वाळत चालली होती. बहीण दुकानात शिलाई उसवून पुन्हा तीच शिलाई घालत बसायची, आणि काही विचारलं की मशीन जोरात चालवायची.

आज शुक्रवार. मावशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून टिकलीजवळ बसली होती. खोकल्याची मोठी उबळ आली, तशी तिनं रुमाल पुढे केला. रुमालात रक्ताचा एक ठिपका पडला आणि त्यात एक केस. तिनं तो उचलला. केस नव्हता. दोन बोटांत धरून तिनं तो ओढून पाहिला. एका बाजूनं गुळगुळीत सरकला, दुसऱ्या बाजूनं अडला.

या शहरात तो कुसळाचा तुकडा नुसत्या बोटांनी ओळखणारं तिच्याशिवाय कोणी नसेल, आणि त्या क्षणी तिला वाटलं, आपल्याला तो ओळखता आला नसता तर बरं झालं असतं.

“टिकले,” तिनं शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं, “तू ओंबी तोंडात घातली होतीस?”

टिकलीनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

“तोंडात पण चढते का ते बघत होते,” ती म्हणाली. “मग ठसका लागला आणि ती गेली. तू आईला सांगू नको म्हणाली होतीस ना. मी नाही सांगितलं.”

तीन आठवडे. तीन आठवडे ते लेकरू शब्द पाळत होतं.

मावशीनं तिला उचललं, दुकानात जाऊन बहिणीला फक्त ‘चल’ म्हटलं आणि तिघी रिक्षानं मोठ्या दवाखान्यात गेल्या. वाटेत सांगायला तिची जीभ रेटली नाही. छातीच्या डॉक्टरांसमोर मात्र तिनं सगळं सांगून टाकलं. ओंब्या घरी आणल्या ते, खेळ शिकवला ते, आणि आईला सांगू नकोस म्हटलं तेही. बहीण शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिच्याकडे बघायचा धीर मावशीला झाला नाही.

डॉक्टर भले माणूस होते, पण पटेना त्यांना. फोटोत काही दिसत नाही, ते म्हणाले. गवत फोटोत दिसत नाही हेही त्यांनी कबूल केलं. पण एवढीशी काडी असती तर खोकल्याबरोबर वर आली असती, नाहीतर होती तिथेच राहिली असती. सोमवारी बघू.

मावशीच्या पर्समध्ये ओंबी सापडणं काही नवीन नव्हतं. तिनं एक काढली. “डॉक्टर, बाही जरा सैल करा,” ती म्हणाली, आणि ते काही बोलायच्या आत तिनं ओंबी त्यांच्या मनगटापाशी सरकवली. “आता हात हलवा. लिहिताना हलतो तेवढाच.”

त्यांनी हात हलवला. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा बदलला. ओंबी कोपरापर्यंत गेली होती. त्यांनी कुसळं धरून ती मागे ओढायचा प्रयत्न केला, तर कुसळंच हातात आली.

“आणि छाती तर सारखी हलते,” मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी फोन उचलला.

श्वासनळीत दुर्बीण घालायच्या खोलीबाहेर दोघी बहिणी एकाच बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मावशीच्या मनात नको नको ते येत होतं. ओंबी फुप्फुसाच्या पार गेली असली तर? ओढताना तुटली तर? तुटणारच होती. तुटणं हाच तिचा धर्म. बहिणीनं ओढणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आले. हातात स्टीलची छोटी वाटी होती. “निघाली,” ते म्हणाले. “तुकडे झाले, पण निघाली. आता तिथे सूज आणि रक्त आहे, नीटसं दिसत नाही. पोरीचा ऑक्सिजन दोनदा खाली गेला. उगाच पुन्हा आत जायचं नाही मला. बघा तुम्ही, हे सगळं आहे ना?”

बहीण उठून उभी राहिली. तिचे डोळे मावशीच्या तोंडाकडे लागले होते. ‘हो’ एवढंच ऐकायचं होतं तिला, आणि मावशीलाही तेवढंच म्हणायचं होतं.

तिनं चिमट्यानं तुकडे एकेक करून जोडले. वरचं बारीक टोक होतं. मधली पेरं होती, चिखलासारखी मऊ पडलेली. तिनं पुन्हा जोडले.

“देठ नाही यात,” ती म्हणाली. “देठाकडचा तुकडा आत आहे.”

“नक्की?”

“नक्की. आणि पुढे जातो तो तोच.”

बहिणीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. डॉक्टर वळून आत गेले. दार बंद झालं.

त्यानंतरची वीस मिनिटं मावशीला कधीच नीट आठवली नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तिनं बघितला नाही, कारण बघितला असता तर ती ओरडली असती. आपलं चुकलं असेल, देठ पूर्वीच कुठे गळून पडला असेल आणि आपण पोरीला उगाच दुसऱ्यांदा मरणाच्या दारात ढकललं असेल, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं.

दार उघडलं. वाटीत नखाएवढा तुकडा होता, काळा पडलेला, खाली सुतासारखा देठ. “अगदी तळाशी होता,” डॉक्टर म्हणाले. “ती ठीक आहे. तासाभरात शुद्धीवर येईल.”

मावशी तिथेच फरशीवर बसली आणि रडली. बहिणीनं तिला उठवलं नाही.

संध्याकाळी टिकलीनं डोळे उघडले. बहीण आत जाऊन तिच्याजवळ बसली, बराच वेळ बसली, मग बाहेर आली. मावशी बाकावरून उठली आणि तशीच उभी राहिली.

“तुला बोलावतेय,” बहीण म्हणाली. “तू नसतीस तर आज ती गेली असती, ताई. ते मला कळतं.”

मावशी दाराकडे निघाली.

“जा,” बहीण मागून म्हणाली. “पण दार उघडं ठेव.”

मावशीनं दार उघडं ठेवलं.